घरबांधणीचा ठेका आणि गिऱ्हाइकाचा शब्द

(द्वितीय वर्ष कला)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. या म्हणीतला अनुभव घर बांधून घेणाऱ्याचा आहे. घर बांधून देणाऱ्याचा अनुभव कोणत्या म्हणीत आहे, ते मला ठाऊक नाही. पण तो मी आमच्या घरात रोज पाहते. माझे वडील बोईसर परिसरात लहान घरांचे ठेके घेतात. त्यांच्या धंद्याचा मोबाईल गेली दोन वर्षे माझ्या ताब्यात आहे. फोन घेणे, हिशेब टिपून ठेवणे आणि गूगलवर गिऱ्हाईक जो अभिप्राय लिहिते तो बाबांना वाचून दाखवणे, ही माझी कामे. या कामात मी एक मोठी चूक केली आणि तिच्यातून काही शिकले. ते आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, भाऊ गवंडी, सुतार, रंगारी, प्लंबर आहेत. त्यांना यातून थोडा उपयोग झाला तर लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

तोंडी शिफारशीचे दिवस

माझे आजोबा विक्रमगडच्या बाजूचे. तारापूर अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते तेव्हा ते बिगारी म्हणून इकडे आले. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. आजोबा मात्र परत गेले नाहीत. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, कारखाने आले, कामगार आले आणि कामगारांना राहायला खोल्या लागल्या. बाबांनी सातवीनंतर शाळा सोडून घमेले उचलले. मग हाती थापी आली, मग ओळंबा आला, आणि सुमारे पंधरा वर्षांपूर्वी ते स्वतः ठेके घेऊ लागले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

बाबांना काम कसे मिळत असे? चिंचणीला एकाचे घर बांधले, ते त्याच्या वाणगावच्या मेहुण्याने पाहिले, मेहुण्याने बोलावले. तिथला गिलावा पाहून शेजाऱ्याने विचारले, “मिस्त्री कोण?” या तोंडी शिफारशीला एक मोठे बळ होते. शिफारस करणारा माणूस ओळखीचा असे. त्याचा शब्द खोटा ठरला तर त्याला दुसऱ्या दिवशी नाक्यावर तोंड दाखवायचे असे.

परंतु आपला भाग बदलला आहे. २०१३ साली उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. अशा वेळी बदली होऊन आलेला कारकून, कारखान्यातला परप्रांतीय तंत्रज्ञ, निवृत्त होऊन इथे जागा घेणारा मुंबईकर हे सारे घर बांधू पाहतात. त्यांना इथे मेहुणा नाही आणि नाक्यावरचे कोणी ओळखीचेही नाही. ते खिशातला मोबाईल काढतात, ‘बोईसरमधील ठेकेदार’ असे लिहितात आणि नावापुढचे तारे पाहतात. पूर्वी मेहुण्याने जे काम केले, ते आता अनोळखी माणसांनी लिहिलेले चार शब्द करतात.

अर्थशास्त्र काय सांगते

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला जॉर्ज अकेरलॉफ यांचे नाव शिकवले गेले. जुन्या मोटारींच्या बाजारावर त्यांनी १९७० साली एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मुद्दा सोपा आहे. विकणाऱ्याला वस्तूचा गुणदोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. मग घेणारा फसण्याच्या भीतीने सगळ्यांनाच कमी भाव देतो. त्या भावात चांगला माल देणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि शेवटी वाईट मालच उरतो.

हा निबंध समजून घेताना माझ्या डोळ्यांसमोर मोटार नव्हती, स्लॅब होता. स्लॅब ओतला की आतली सळई किती जाडीची आहे, ती किती अंतरावर बांधली आहे, हे कोणाला दिसते? सिमेंटचे प्रमाण पाळले का, पुढचे सात ते दहा दिवस नीट पाणी मारले का, हे गिलावा झाल्यावर कसे कळणार? आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आहे. सळईवरचे काँक्रीटचे आवरण कमी पडले तर सळई लवकर गंजते. पण ते दिसायला काही वर्षे जातात. म्हणून गिऱ्हाईक सर्व ठेकेदारांना एकाच मापाने मोजते आणि चौरस फुटाचा सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम देते. प्रामाणिक मिस्त्रीचा यात तोटा होतो.

हा अंधार थोडा दूर करण्याचे काम आधीच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय करतो. त्याची किंमत पैशातही मोजली गेली आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिॲटल शहराच्या उपाहारगृहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी दिलेल्या ताऱ्यांमध्ये एका ताऱ्याची वाढ झाली की उत्पन्न सुमारे ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा परिणाम स्वतंत्र, लहान उपाहारगृहांवर होता. गावोगावी शाखा असलेल्या प्रसिद्ध नावांवर तो जवळजवळ नव्हता, कारण त्यांचे नाव लोकांना आधीच माहीत असते. उपाहारगृह आणि घरबांधणी यांत फरक आहे हे मान्य. पण ज्याचे नाव कोणाला माहीत नाही त्याला अभिप्रायाचा उपयोग अधिक, हा धडा आमच्यासारख्यांना लागू पडतो.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगते. २०२४ च्या जूनमध्ये बाबांच्या नावापुढे गूगलवर अवघे चार अभिप्राय होते आणि चारही पाच ताऱ्यांचे. पाऊस सुरू झाला आणि पाचवा अभिप्राय आला. त्याला एकच तारा होता. खाली लिहिले होते, ‘पहिल्याच पावसात गच्ची गळते. फोन केला तर उचलत नाहीत.’ सरासरी पाचावरून ४.२ वर आली. अभिप्राय थोडे असले की एका तक्रारीचे वजन किती पडते, ते मला त्या दिवशी कळले. हेच अभिप्राय वीस असते आणि त्यांतला हा एक असता, तर सरासरी ४.८ राहिली असती.

फोन न उचलण्याचा दोष माझा होता. माझी परीक्षा चालू होती आणि अनोळखी क्रमांक म्हणून मी दोनदा फोन कापला होता. बाबांना हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी सोपा मार्ग काढला. रविवारी घरी आलेल्या चार चुलत-मावस भावंडांना बसवले आणि प्रत्येकाच्या मोबाईलवरून पाच-पाच तारे देववले. ‘उत्तम काम’, ‘वेळेवर काम’, ‘आमचे घर सुंदर बांधले’ अशी वाक्ये मीच सांगितली. ज्याने ‘आमचे घर’ लिहिले तो भाऊ भाड्याच्या खोलीत राहतो.

चार दिवसांनी त्या गिऱ्हाइकाने आपल्या अभिप्रायात भर घातली : ‘आता एकाच आडनावाचे लोक स्तुती लिहू लागले आहेत. गळती तशीच आहे.’ हे वाक्य वाचताना माझ्या हाताला घाम फुटला. पूर्वी आमच्यावर गळतीचा आरोप होता, आता लबाडीचाही झाला. आणि दुसरा आरोप खरा होता.

त्या रात्री मी बाबांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. जेवण थांबवून म्हणाले, “बाय, भिंत वाकडी झाली तर पाडून परत बांधता येते. तू ओळंबाच वाकडा केलास. आता लोकांनी सरळ काय ते कशावरून ओळखायचं?” आणि थोड्या वेळाने, “गळती कुठल्या कोपऱ्यातून आहे, ते लिहिलंय का त्याने?” त्यांना ताऱ्यांपेक्षा तो कोपरा महत्त्वाचा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी भावंडांकडून ते चारही अभिप्राय काढून टाकवले. मग बाबांनी सांगितले तसे मी उत्तर लिहिले : ‘साहेब, तक्रार खरी आहे. फोन उचलला नाही ही आमची चूक. आज संध्याकाळी पाच वाजता येऊन गच्ची पाहतो. नातेवाईकांचे अभिप्राय काढून टाकले आहेत, त्याबद्दल क्षमस्व.’ शेवटचे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

गच्चीवर दोष सापडला तो असा : फरशी आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा धरावा लागतो. एका बाजूला तो कामगारांनी घाईत पातळ केला होता, आणि पाणी जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशीही फट होती. भर पावसात पक्के काम होत नाही, म्हणून तात्पुरते प्लास्टिक टाकले. दिवाळीनंतर तो भाग फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग केले आणि गच्चीत पाणी साठवून तीन दिवस खालचे छत पाहिले. बारा हजार रुपये खर्च झाला, तो बाबांनी सोसला. अभिप्राय बदला असे त्या गृहस्थांना आम्ही एकदाही म्हटले नाही. २०२५ च्या जुलैत त्यांनी आपण होऊन एकाचे चार तारे केले. खाली लिहिले, ‘या वर्षी गळती नाही. एक तारा मागच्या पावसाचा कापला आहे.’ बाबा ते ऐकून हसले आणि म्हणाले, “बरोबर हिशेब आहे.”

पुढे पालघरहून एका शिक्षकांनी घराचे काम दिले. त्यांना मी विचारले, “सर, आमचे नाव कोणी सांगितले?” ते म्हणाले, “कोणी नाही. तुमची ती तक्रार आणि तिच्याखालचे उत्तर वाचले.”

काही व्यावहारिक नियम

या अनुभवानंतर मी एक वही केली. तिच्यातील नियम इथे क्रमाने देते.

पहिला नियम : अभिप्राय सर्वांकडे मागावा. जे खूश दिसतात त्यांनाच विचारायचे आणि कुरकुर करणाऱ्यांना टाळायचे, ही युक्ती पुष्कळ जण करतात. गूगलच्या नियमांतही ती बसत नाही. अभिप्रायाच्या बदल्यात पैसे, सूट किंवा भेट देणेही तिथे निषिद्ध आहे.

दुसरा नियम : दोनदा मागावा. एकदा घराचा ताबा देताना आणि एकदा पहिला पावसाळा सरल्यावर. ताबा देताना गिऱ्हाईक रंगाकडे पाहते. आपल्या किनारपट्टीत घराची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर होते. पावसाळ्यानंतर लिहिलेले ‘गळती नाही’ हे दोन शब्द दहा विशेषणांपेक्षा मोलाचे आहेत.

तिसरा नियम : तारे मागू नयेत, हकीकत मागावी. घर कोणत्या गावी, किती चौरस फुटांचे, किती महिन्यांत देतो म्हटले आणि किती लागले, ठरलेल्या रकमेपेक्षा खर्च वाढला का आणि का वाढला, काम संपल्यावर रेती-खडी उचलली का, तक्रार केल्यावर कोणी आले का, एवढे लिहा असे सांगावे. नवीन गिऱ्हाइकाला हेच हवे असते. भाषा मराठी, हिंदी, गुजराती कोणतीही चालते. टंकलेखन येत नसेल तर मोबाईलमध्ये बोलूनही लिहिता येते.

चौथा नियम : प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यावे, आणि तक्रारीला प्रथम द्यावे. उत्तरात भांडू नये. काय झाले, केव्हा येऊ, काय करू, हे तीन-चार वाक्यांत लिहावे. गिऱ्हाइकाचे पैसे किती राहिले किंवा त्याचे घर नेमके कुठे आहे, हे चारचौघांत लिहू नये. घराची छायाचित्रे लावायची तर आधी परवानगी घ्यावी. हे उत्तर तक्रारदार वाचतोच, शिवाय पुढे येणारी शंभर माणसेही वाचतात.

पाचवा नियम : खोटी तक्रार आली तरी डोके शांत ठेवावे. ठेकेदाराला अभिप्राय पुसता येत नाही. नियमाबाहेरचा असेल तर गूगलकडे तक्रार करता येते. तोवर ‘या नावाने आमच्या वहीत काम सापडत नाही, कृपया गाव आणि साल कळवावे’ इतके सभ्य उत्तर पुरे.

सहावा नियम : अभिप्रायांची नोंद करून वर्षअखेर वाचावी. आमच्या वहीत तीन निरनिराळ्या लोकांनी ‘उद्या येतो म्हणतात आणि येत नाहीत’ असे म्हटलेले निघाले. तेव्हापासून बाबा दोन कामे एकदम चालू असली की तिसरे घेत नाहीत. उत्पन्न थोडे कमी झाले, पण तारखा पाळल्या जाऊ लागल्या.

कायदा काय म्हणतो

मध्यंतरी व्हॉट्सॲपवर एक निरोप आला : पाच हजार रुपयांत पन्नास अभिप्राय, सर्व पाच ताऱ्यांचे. माझी चूक आधीच झाली नसती तर मी कदाचित मोहात पडले असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले असून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे, परंतु अभिप्राय लिहिणारा खरा असावा आणि तो विकत घेतलेला नसावा, हे त्याचे सार आहे. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणे आणि विकत घेणे यांवर थेट बंदी आली.

घर बांधून देणे ही ‘सेवा’ असल्याने गिऱ्हाइकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रीसाठीच्या मोठ्या प्रकल्पांना महारेराची नोंदणी आहे आणि त्यांची माहिती लोकांना पाहता येते. आपल्या जागेत आपल्यासाठी घर बांधून घेणाऱ्याला मात्र मिस्त्रीची अशी नोंद कुठेच सापडत नाही. म्हणून तिथे आधीच्या गिऱ्हाइकाच्या शब्दावरच भिस्त राहते, आणि तो शब्द खोटा केला तर मागे काही उरत नाही.

जे लिहीत नाहीत त्यांचे काय?

एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. बाबांनी विक्रमगड आणि जव्हारकडच्या पाड्यांवर घरकुल योजनेची घरे बांधली. त्यांपैकी एकाही घराचा अभिप्राय मोबाईलवर नाही. त्या माणसांकडे साधा फोन आहे, किंवा मोबाईल असला तर तिथे रेंज नाही. एका आजीने मला सांगितले, “तुझ्या बापानं पावसाच्या आधी कौलाखाली आणलं आम्हांला.” माझ्या मते हा बाबांना मिळालेला सर्वांत मोठा अभिप्राय आहे, आणि तो कोणत्याच सरासरीत धरला जात नाही. मी तो त्यांच्या नावाने लिहू शकले असते. आता तसे करणार नाही. पण यावरून एवढे कळते की तारे म्हणजे सगळी माणसे नव्हेत. ज्याला लिहिता येते त्याचीच तक्रार दिसते आणि त्याचेच समाधान दिसते. म्हणून नुसत्या ताऱ्यांसाठी काम करणारा ठेकेदार हळूहळू लिहिणाऱ्याच्या घराला जाड थर देईल आणि न लिहिणाऱ्याच्या घराला पातळ. हा धोका आपण ओळखला पाहिजे.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर अभिप्रायाने धंदा वाढतो, यात शंका नाही. पण तो अभिप्राय स्वतः गिऱ्हाइकाचा असावा लागतो आणि त्याच्यामागे काम उभे असावे लागते. गेल्या आठवड्यापर्यंत बाबांच्या नावापुढे एकवीस अभिप्राय आहेत आणि सरासरी ४.७ आहे. पाच नाही, याचे मला पूर्वी वाईट वाटले असते. आता त्यातला एक चार ताऱ्यांचा अभिप्राय मी कोणी विचारले की मुद्दाम उघडून दाखवते. त्यात मागच्या पावसाचा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.